ओग्युस्तँ-लुई कोशी

ओग्युस्तँ-लुई कोशी (२१ ऑगस्ट १७८९ – २३ मे १८५७) हे फ्रेंच गणितज्ञ व अभियंता होते. कलनशास्त्राला सीमा, सातत्य व अभिसरण या संकल्पनांचा काटेकोर पाया देणारे आणि सदसत् फलनांच्या सिद्धांताची उभारणी करणारे गणितज्ञ म्हणून ते प्रसिद्ध आहेत. घन पदार्थांच्या स्थितिस्थापकतेच्या शास्त्रातही त्यांचे कार्य तितकेच मूलभूत आहे. प्रतिबल ही संकल्पना आज अभियांत्रिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ज्या स्वरूपात आढळते ते स्वरूप त्यांनी दिले. पदार्थाची अंतर्गत सममिती आणि त्यात आधीपासून असलेले प्रतिबल यांचा त्याच्या स्थितिस्थापक वर्तनाशी काय संबंध आहे, हा प्रश्नही त्यांच्याच समीकरणांतून पुढे आला. राजनिष्ठेपायी त्यांनी प्राध्यापकपदे सोडली व आठ वर्षे देशाबाहेर काढली.

बालपण व शिक्षण

कोशी यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. बास्तीयचा पाडाव होऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे लोटले होते. त्यांचे वडील लुई-फ्रांस्वा कोशी हे राजवटीच्या काळात पॅरिसच्या पोलीस प्रशासनात अधिकारी होते. क्रांतीने त्यांचे पद गेले आणि त्यांच्या वरिष्ठांचा १७९४ मध्ये गिलोटिनवर शिरच्छेद झाला. दहशतीच्या त्या काळात कुटुंबाने पॅरिसजवळच्या आर्केय या गावी आश्रय घेतला. तेथील दिवस हलाखीचे होते. मुलांचे प्राथमिक शिक्षण वडिलांनी स्वतः केले. क्रांतीविषयीचा अविश्वास आणि कॅथलिक धर्मावरील दृढ श्रद्धा हे दोन्ही संस्कार कोशी यांच्यावर याच काळात झाले आणि ते अखेरपर्यंत टिकले.

आर्केय येथे गणितज्ञ लाप्लास व रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले यांचे वास्तव्य होते आणि त्यांच्याशी कोशी कुटुंबाचा परिचय झाला. पुढे १८०० मध्ये वडील सिनेटचे सचिव झाले. त्यांच्या कार्यालयात लाग्रांज यांचे येणेजाणे असे. मुलाची गणितातील असाधारण गती लाग्रांज यांच्या ध्यानात आली. परंतु भाषा व साहित्य यांचे शिक्षण पुरे होईपर्यंत त्याला उच्च गणिताकडे वळू देऊ नये, असा सल्ला त्यांनी वडिलांना दिला. त्यानुसार १८०२ पासून कोशी यांनी एकोल सांत्राल द्यु पाँतेआँ या विद्यालयात अभिजात भाषांचा अभ्यास केला व लॅटिनमध्ये पारितोषिके मिळवली. १८०५ मध्ये एकोल पॉलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेत त्यांचा क्रमांक दुसरा आला. तेथून १८०७ मध्ये ते पूल व रस्ते अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या एकोल दे पाँ ए शोसे या संस्थेत गेले.

अभियंता म्हणून कार्य

विद्यार्थीदशेतच त्यांनी पॅरिसला पाणी पुरवणाऱ्या उर्क कालव्याच्या कामावर अनुभव घेतला. १८१० मध्ये त्यांची शेर्बूर येथे कनिष्ठ अभियंता म्हणून नेमणूक झाली. इंग्लंडवर चढाई करण्याच्या हेतूने नेपोलियन तेथे नाविक तळ उभारत होता. प्रवासाच्या सामानात त्यांनी लाप्लास व लाग्रांज यांच्या ग्रंथांबरोबर व्हर्जिलचे काव्य आणि टॉमस अ केम्पिस यांचा भक्तिग्रंथही घेतला होता. दिवसभर बंदराचे काम आणि उरलेल्या वेळात गणित, असा त्यांचा क्रम होता. याच काळात त्यांनी बहुपृष्ठकांवरील निबंध अकादमीकडे पाठवले. बहिर्वक्र बहुपृष्ठकाची पृष्ठे ठरल्यावर त्याचा आकारही निश्चित होतो, हा त्यांचा सिद्धांत याच निबंधांतला आहे.

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे १८१२ च्या अखेरीस ते पॅरिसला परतले. त्याच वर्षी त्यांनी निर्धारकांवर महत्त्वाचा निबंध लिहिला. पुढची दोन-तीन वर्षे प्राध्यापकपदासाठी व अकादमीच्या सदस्यत्वासाठी केलेले त्यांचे प्रयत्न फसले. १८१५ मध्ये फेर्मा यांच्या बहुभुज संख्यांविषयीच्या विधानाची सिद्धता देऊन त्यांनी गणितज्ञांचे लक्ष वेधून घेतले. द्रवाच्या पृष्ठभागावरील तरंगांवरील निबंधास १८१६ मध्ये अकादमीचे महापारितोषिक मिळाले.

अकादमीतील प्रवेश

नेपोलियनच्या पाडावानंतर बूर्बाँ घराण्याची सत्ता पुन्हा आली आणि मार्च १८१६ मध्ये विज्ञान अकादमीची पुनर्रचना झाली. क्रांतीशी संबंध असल्यामुळे मोंज व कार्नो यांची नावे सदस्यांच्या यादीतून काढण्यात आली आणि मोंज यांच्या जागी राजाज्ञेने कोशी यांची नियुक्ती झाली. त्यांच्या योग्यतेविषयी कोणाला शंका नव्हती. परंतु आदरणीय वृद्ध गणितज्ञाला हटवून रिकामी केलेली जागा त्यांनी निःसंकोचपणे स्वीकारली, याबद्दल अनेक सहकाऱ्यांच्या मनात कायमची अढी बसली. त्याच सुमारास ते एकोल पॉलितेक्निकमध्ये विश्लेषण व यामिकी या विषयांचे प्राध्यापक झाले. १८१८ मध्ये त्यांचा विवाह पुस्तक व्यवसायातील एका घराण्यातील आलोईझ द ब्युर यांच्याशी झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

कलनाचा नवा पाया

कोशी यांच्यापूर्वी कलनशास्त्राने विपुल निष्कर्ष दिले होते, पण त्यांचा तार्किक आधार डळमळीत होता. अनंत श्रेणींवर बीजगणितातील नियम सरसकट लावले जात. १८२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कूर द'आनालीज' या ग्रंथात त्यांनी सीमा या संकल्पनेवर सर्व इमारत उभी केली, सातत्याची व्याख्या केली आणि अभिसरणाच्या कसोट्या दिल्या. कोणत्याही फलनाचा विस्तार घात श्रेणीत होतो, या गृहीतावर लाग्रांज यांनी कलनाची मांडणी केली होती. शून्यापाशी सर्व अवकलजे शून्य असूनही स्वतः शून्य नसलेल्या फलनाचे उदाहरण देऊन कोशी यांनी त्या मांडणीतील उणीव दाखवली.

ही काटेकोर पद्धत विद्यार्थ्यांना मात्र जड गेली. एकोल पॉलितेक्निकमध्ये भावी अभियंते घडवायचे होते. ठरलेल्या अभ्यासक्रमापेक्षा अधिक तात्त्विक भाग शिकवल्याबद्दल संस्थेच्या व्यवस्थापनाने त्यांना वारंवार समज दिली. कोशी यांच्या ग्रंथातही एक चूक राहिली होती. सतत फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज नेहमी सतत असते, असे त्यांनी विधान केले होते. नॉर्वेजियन गणितज्ञ आबेल यांनी १८२६ मध्ये त्याला अपवाद दाखवला. कोशी यांनी १८५३ मध्ये अधिक कडक अट घालून ते विधान दुरुस्त केले.

सदसत् चलांच्या फलनांवरील त्यांचे काम १८१४ च्या निबंधापासून सुरू झाले. १८२५ च्या निबंधात त्यांनी असत् मर्यादांमधील समाकलनाचा विचार केला. विशिष्ट अटींखाली दोन बिंदूंमधील समाकलन मार्गावर अवलंबून राहत नाही, हा त्यातील निष्कर्ष कोशी प्रमेय म्हणून ओळखला जातो.

प्रतिबलाची संकल्पना

१८२१ मध्ये अभियंते नाव्हिए यांनी स्थितिस्थापक घन पदार्थांच्या समतोलाची व गतीची समीकरणे अकादमीपुढे मांडली. पदार्थ हा एकमेकांना आकर्षणाऱ्या व प्रतिसारणाऱ्या रेणूंचा समूह आहे, असे मानून त्यांनी ती मिळवली होती. त्यांत पदार्थाचे वर्णन एकाच स्थिरांकाने केले होते. याच काळात फ्रेनेल प्रकाशाचे तरंग ईथर या कल्पित माध्यमातून कसे जातात याचा विचार करत होते. या दोन्ही संशोधनांच्या संपर्कात असलेले कोशी वेगळ्या वाटेने निघाले.

स्थिर द्रवातील दाब कोणत्याही प्रतलावर लंबरूप असतो आणि सर्व दिशांना सारखा असतो, हे ऑयलर यांच्यापासून माहीत होते. घन पदार्थात तसे असण्याचे कारण नाही, हे कोशी यांनी ओळखले. घन पदार्थाच्या आत एखादे प्रतल कल्पिले, तर त्याच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूवर जे बल लावतो ते प्रतलाशी तिरपे असू शकते आणि प्रतलाची दिशा बदलली की बलही बदलते. एका बिंदूतून अगणित प्रतले जात असल्याने हे वर्णन अशक्यप्राय वाटते. कोशी यांनी बिंदूभोवती एक अतिसूक्ष्म चतुष्फलक कल्पिला व त्याच्या चार पृष्ठांवरील बलांचा समतोल तपासला. परस्परांना लंब असलेल्या तीन प्रतलांवरील बले माहीत असली की इतर प्रत्येक प्रतलावरील बल त्यांवरून काढता येते, असे त्यातून सिद्ध झाले. परिवलांचाही समतोल लक्षात घेतला की नऊ घटकांपैकी सहाच स्वतंत्र उरतात. प्रत्येक बिंदूपाशी परस्परांना लंब अशा तीन दिशा नेहमी असतात, ज्यांवर बल निव्वळ लंबरूप असते, हेही त्यांनी दाखवले. आज यांना प्रमुख प्रतिबले म्हणतात.

या सिद्धांताची माहिती त्यांनी ३० सप्टेंबर १८२२ रोजी अकादमीला दिली. त्याचा सारांश १८२३ मध्ये व विस्तृत मांडणी १८२७ पासून त्यांच्या 'एक्झर्सिस द मातेमातिक' या मालिकेत प्रसिद्ध झाली. ही मांडणी पदार्थ कशाचा बनला आहे यावर अवलंबून नाही. लोखंड, काच, लाकूड, माती किंवा चिकट द्रव यांना ती सारखीच लागू पडते.

सममिती व स्थिरांकांचा वाद

प्रतिबलाचे सहा घटक आणि विकृतीचे सहा घटक यांत नाते कोणते, हे मात्र पदार्थावर ठरते. समदिक् पदार्थाचे, म्हणजे सर्व दिशांना सारखे गुणधर्म असलेल्या पदार्थाचे, वर्णन करण्यासाठी दोन स्थिरांक लागतात, असे कोशी यांनी १८२८ मध्ये मांडले. स्थितिस्थापकतेची आजची प्रचलित समीकरणे हीच आहेत.

त्याच वर्षी त्यांनी रेणूंच्या कल्पनेवरूनही हाच प्रश्न सोडवला. दोन रेणूंमधील बल त्यांना जोडणाऱ्या रेषेतच असते व ते केवळ अंतरावर अवलंबून असते, असे त्यांनी गृहीत धरले. कोणतीही सममिती नसलेल्या पदार्थासाठी या गणितातून २१ स्थिरांक निघाले. त्यांपैकी १५ हे खरे स्थितिस्थापकता स्थिरांक होते. उरलेले सहा स्थिरांक पदार्थ विकृत होण्यापूर्वीच त्यात असलेले प्रतिबल दर्शवत होते. मूळ अवस्था प्रतिबलरहित असेल तर ते सहा शून्य होतात. पदार्थाची सममिती वाढत जाईल तसे १५ स्थिरांकही कमी होतात. परस्परांना लंब अशी तीन सममिती-प्रतले असलेल्या पदार्थासाठी सहा, घनीय स्फटिकासाठी दोन आणि समदिक् पदार्थासाठी एकच स्थिरांक उरतो.

१८३७ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज ग्रीन यांनी रेणूंविषयी काहीही गृहीत न धरता, केवळ ऊर्जेच्या तत्त्वावरून विचार केला. त्यांनाही २१ स्थिरांक मिळाले. आकडा तोच असला तरी त्याचा अर्थ वेगळा होता, कारण ग्रीन यांचे २१ च्या २१ स्थिरांक स्थितिस्थापकतेचेच होते. वर सांगितलेल्या तीन प्रकारच्या सममितींसाठी त्यांची संख्या अनुक्रमे नऊ, तीन व दोन होते. कोशी यांच्या रेणुसिद्धांताचा अर्थ असा, की ग्रीन यांच्या स्थिरांकांमध्ये आणखी सहा संबंध असले पाहिजेत. त्यांना कोशी संबंध म्हणतात.

कोण बरोबर, हा वाद जवळजवळ अर्धशतक चालला. एकच स्थिरांक मानला तर तार ओढल्यावर तिच्या रुंदीतील सापेक्ष घट व लांबीतील सापेक्ष वाढ यांचे गुणोत्तर प्रत्येक समदिक् पदार्थासाठी एक चतुर्थांश यायला हवे. प्वासाँ यांनीही हाच आकडा काढला होता. व्हेर्टहाइम यांच्या १८४८ मधील काच व पितळ यांवरील प्रयोगांत ते एक तृतीयांशाच्या जवळ आले. सँ-व्हनाँ यांच्यासारखे मोठे अभियंते तरीही रेणुसिद्धांताच्या बाजूने उभे राहिले. प्रयोगातले नमुने खऱ्या अर्थाने समदिक् नसतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर सुट्या स्फटिकांचीच मोजमापे घेणे भाग होते. जर्मन भौतिकीविज्ञ फोइग्ट यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती घेतली आणि अनेक स्फटिक कोशी संबंध पाळत नाहीत, असे दिसून आले. निर्णय ग्रीन यांच्या बाजूने लागला.

त्यामुळे कोशी यांचे संबंध निरुपयोगी ठरले, असे नाही. पुढे मॅक्स बॉर्न यांच्या स्फटिक जालकाच्या सिद्धांताने ते केव्हा खरे ठरतात हे स्पष्ट केले. अणूंमधील बले त्यांना जोडणाऱ्या रेषेत असावीत, प्रत्येक अणू सममितीच्या केंद्रावर असावा आणि मूळ अवस्थेत प्रतिबल नसावे, या त्या अटी होत. मिठाच्या स्फटिकात त्या बऱ्याच अंशी पाळल्या जातात. धातूंमध्ये त्या सामान्यतः मोडतात आणि त्या किती मोडतात यावरून अणूंमधील बंधांविषयी अनुमान करता येते.

आद्य व शेष प्रतिबल

कोशी यांच्या समीकरणांतील त्या सहा जादा पदांचे महत्त्व पुढील काळात वाढले. बाहेरून कोणतेही बल नसताना पदार्थात शिल्लक राहणाऱ्या प्रतिबलाला शेष प्रतिबल म्हणतात. भराभर थंड केलेली काच, वेल्डिंग केलेले सांधे व लाटून काढलेले पोलाद यांत ते आढळते. कडक केलेल्या काचेच्या पृष्ठभागावर दाब व आत ताण असतो, म्हणून ती सहजी फुटत नाही. पण एकदा तडा आत पोहोचला की तिचे बारीक तुकडे होतात.

शेष प्रतिबल व सममिती या गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र नसतात. एखाद्या अवस्थेत पदार्थ प्रत्येक बिंदूपाशी समदिक् असेल, तर त्या अवस्थेतील प्रतिबलही कोणत्याही दिशेला झुकते माप देऊ शकत नाही. ते द्रवातील दाबासारखे सर्व दिशांना सारखेच असले पाहिजे. बाह्य बलांच्या अभावी समतोलाच्या अटीनुसार असा दाब सर्वत्र एकसमान असावा लागतो. मोकळ्या पृष्ठभागावर तो शून्य असतो, म्हणून आतही तो शून्यच ठरतो. यावरून, शेष प्रतिबल असलेला पदार्थ त्या अवस्थेत सर्वत्र समदिक् असू शकत नाही. हा निष्कर्ष विसाव्या शतकातील संशोधनात काटेकोरपणे मांडला गेला. त्यासाठी लागणारी समतोलाची समीकरणे व पृष्ठभागावरील अट कोशी यांचीच आहे.

कोशी यांनी स्वतः आद्य प्रतिबलाची पदे मुख्यतः प्रकाशाच्या अभ्यासात वापरली. ईथर हा स्थितिस्थापक घन पदार्थ आहे असे मानून त्यांनी स्फटिकांतील द्विप्रणमनाचे सिद्धांत १८३० मध्ये व पुन्हा १८३६ मध्ये मांडले. कंपनांची दिशा ध्रुवण प्रतलात असते की त्याला लंब असते, याविषयी या दोहोंत त्यांची भूमिका परस्परविरुद्ध होती. ईथरची कल्पना पुढे मागे पडली. प्रकाशाच्या अपस्करणाचे त्यांचे सूत्र मात्र पारदर्शक पदार्थांसाठी आजही वापरले जाते.

आबेल व गाल्वा

१८२६ मध्ये आबेल यांनी अकादमीला सादर केलेला निबंध परीक्षणासाठी लजांद्र व कोशी यांच्याकडे आला. कोशी यांनी तो बाजूला ठेवला आणि तो तसाच पडून राहिला. १८२९ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी क्षयाने आबेल यांचा मृत्यू झाला. त्यानंतर निबंधाचा शोध घेण्यात आला व तो १८४१ मध्ये छापला गेला. गाल्वा यांचे निबंधही १८२९ मध्ये कोशी यांच्याकडे आले होते आणि त्यांवरील अहवाल अकादमीत वाचला गेला नाही. या प्रकरणी कोशी यांना दीर्घकाळ दोष दिला गेला. मात्र ते काम अकादमीपुढे मांडण्याचा त्यांचा विचार होता, हे दर्शवणारे जानेवारी १८३० मधील त्यांचे पत्र नंतर उजेडात आले.

देशत्याग

जुलै १८३० च्या क्रांतीने दहावे चार्ल्स पदच्युत झाले व लुई-फिलिप गादीवर आले. नव्या राजाशी निष्ठेची शपथ घेणे सरकारी सेवकांना बंधनकारक झाले. एकदा दिलेली शपथ मोडता येत नाही, या भूमिकेतून कोशी यांनी नकार दिला आणि त्यांची अध्यापनाची पदे गेली. अकादमीचे सदस्यत्व तेवढे राहिले, कारण त्यासाठी शपथेची अट नव्हती. पत्नी व मुलींना मागे ठेवून ते त्याच वर्षी प्रथम स्वित्झर्लंडमध्ये फ्रीबूर येथे व नंतर इटलीत तोरिनो येथे गेले. तेथील विद्यापीठात त्यांच्यासाठी सैद्धांतिक भौतिकीचे अध्यासन निर्माण करण्यात आले.

१८३३ मध्ये पदच्युत राजाने आपला नातू बोर्दोचा ड्यूक याच्या शिक्षणासाठी त्यांना प्राग येथे बोलावले. कुटुंबही तेथे येऊन राहिले. राजपुत्राला गणिताची आवड नव्हती आणि शिकवणीचा बराचसा वेळ वाया जाई. या सेवेबद्दल कोशी यांना बॅरन हा किताब मिळाला. संशोधनाची गती मात्र या पाच वर्षांत मंदावली.

परतल्यानंतर

१८३८ मध्ये ते पॅरिसला परतले. शपथेचा प्रश्न तसाच होता. रेखांश मंडळावर १८३९ मध्ये त्यांची निवड झाली. पण शपथ न घेतल्यामुळे ती कायम झाली नाही आणि चार वर्षांनी ती जागा दुसऱ्यास देण्यात आली. कोलेज द फ्रांसमधील अध्यासनासाठी त्यांच्याहून कमी योग्यतेच्या उमेदवाराची निवड झाली. त्यांना बोलण्यासाठी अकादमीचे व्यासपीठ तेवढे उरले. अकादमीच्या साप्ताहिक वृत्तांतासाठी ते इतके लेखन देत, की लेखांच्या लांबीवर अकादमीने घातलेल्या मर्यादेचा संबंध परंपरेने त्यांच्या नावाशी जोडला जातो.

१८४८ च्या क्रांतीनंतर शपथेची अट रद्द झाली आणि पुढील वर्षी त्यांना सॉर्बोनमध्ये गणितीय ज्योतिषशास्त्राचे अध्यासन मिळाले. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत १८५२ मध्ये ती अट पुन्हा आली तेव्हा त्यांनी अध्यापन थांबवले. पुढे सम्राटाने त्यांना व खगोलशास्त्रज्ञ आरागो यांना तीतून सूट दिली. यानंतरचे आपले वेतन कोशी यांनी सो या गावातील गरिबांसाठी खर्च केल्याचे चरित्रकार नोंदवतात. आयर्लंडमधील दुष्काळग्रस्तांच्या मदतकार्यात आणि कॅथलिक सेवासंस्थांच्या कामातही त्यांनी भाग घेतला. धर्माविषयीच्या त्यांच्या आग्रही वृत्तीमुळे अनेक सहकारी त्यांच्यापासून दुरावले होते.

२३ मे १८५७ रोजी सो येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

कोशी यांनी सुमारे ८०० निबंध व पुस्तके लिहिली. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे प्रकाशन १८८२ मध्ये सुरू झाले. ते २७ खंडांचे असून पूर्ण होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. कोशी क्रमिका, कोशी–रीमान समीकरणे, कोशी समाकलन सूत्र, कोशी–श्वार्ट्स असमानता व कोशी प्रतिबल प्रदिश ही त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकल्पनांपैकी काही होत. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे. चंद्रावरील एका विवरालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.